वेचणीचं फडकं आणि छातीतली मशीन

डॉक्टरांनी जखमेला चिकटलेली चिंधी पाण्यानं भिजवून ओढली आणि त्यांचा हात थांबला. माझ्या डाव्या खांद्याखाली, छातीच्या वरच्या बाजूला, कातडी फाटली होती. फाटीतून पू वाहत होता आणि पुवाच्या मागे काहीतरी चमकत होतं. मी मान वाकवून पाहिलं. स्टीलच्या वाटीची असते तशी कड होती. ती माझ्या छातीतली मशीन होती.

"पेसमेकरला इन्फेक्शन झालं आहे," घाटंजीचे डॉक्टर म्हणाले. "मशीन कातडी फाडून बाहेर आली आहे. यांना आजच्या आज नागपूरला न्या."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माझं हृदय मधेच ठोका द्यायचं विसरतं. काही वर्षांपूर्वी मी दोनदा भर बाजारात चक्कर येऊन पडले, तेव्हा नागपूरला ही मशीन बसवली. आगपेटीपेक्षा थोडी मोठी असते. कातडीखाली ठेवतात. तिच्यातून दोन तारा शिरेतून हृदयात जातात. हृदय थांबलं की मशीन त्याला विजेचा बारीक झटका देते. मशीनला पेसमेकर म्हणतात आणि तारांना लीड.

बसवताना मला सांगितलं होतं, जड उचलू नका, त्या हाताला जपा. पण वेचणीच्या फडक्याचं कुणी बोललं नाही. नागपूरच्या डॉक्टरांना ते कसं ठाऊक असणार? आमच्याकडे कापूस वेचताना बाया फडक्याचं एक टोक कमरेला बांधतात आणि दुसरं खांद्यावरून घेऊन छातीवर गाठ मारतात. कापूस भरत गेला की फडकं खाली ओढतं आणि गाठ कातडीत रुतते. माझी गाठ बरोबर मशीनवर बसत होती. सगळा हंगाम ती तिथे घासत राहिली.

आधी लाल झालं. मग गरम झालं, सुजलं. जागा अशी की पुरुष डॉक्टरला दाखवायची मला लाज वाटली. शेवटी आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, दाखवलं.

"हे तं गळू होय व," त्या म्हणाल्या. "बिबा लावू. बसून जाईन."

पायात काटा मोडला, गुडघा धरला, तर आमच्या घरी बिबाच लावतात. त्यांनी बिबा सुईला टोचून दिव्यावर धरला. त्याचं काळं तेल सुटलं आणि त्यांनी ते माझ्या सुजेवर टेकवलं. मी पदर दातात धरला. कातडी भाजली, फोड आला, फोड फुटला. त्या फुटलेल्या जागेतून मशीन बाहेर आली.

नागपूरला या वेळी वेगळे डॉक्टर होते, वयानं मोठे, हळू बोलणारे. त्यांनी सांगितलं की औषधानं भागणार नाही. मशीन आणि दोन्ही तारा, सगळं काढावं लागेल. नाही तर विष रक्तात जाईल.

आत्याबाई माझ्या पलंगाजवळ उभ्या होत्या. म्हणाल्या, "मशीन काढसान तं हिले जिवंत कायनं ठेवसान?"

डॉक्टर म्हणाले, "तोवर बाहेरची मशीन लावू. मानेतून एक तार आत सोडू."

त्याला टेम्पररी पेसिंग म्हणतात. म्हणजे मशीन उशाशी आणि तार हृदयात. माझं हृदय आपल्या बळावर किती चालतं हे त्यांनी आधी तपासलं. एक यंत्र छातीवर ठेवून मशीनचा वेग कमी करत नेला. कुणी मला विहिरीत ढकलावं तसं झालं. कान बंद, डोळ्यांपुढे काळोख, जीभ जड. पुन्हा वेग वाढवल्यावर मी वर आले. "पेसमेकर डिपेंडंट," ते दुसऱ्या डॉक्टरला म्हणाले. मशीन नसेल तर ही बाई नाही, असा त्याचा अर्थ.

आमच्या यांनी सहीच्या आधी एकच विचारलं. "साहेब, तारा निघतीन कशा?"

"शिरेला आणि हृदयाला आतून चिकटल्या आहेत. सोडवत सोडवत काढू."

"म्हंजे कोरड्या जमिनीतली पऱ्हाटी उपटावी तशा?"

"जवळपास तसंच."

"आन् मूळ तुटलं तं?"

डॉक्टर म्हणाले, "तर छाती उघडावी लागेल. म्हणूनच तुम्हाला आधी सांगतो आहे."

पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड. हंगाम संपला की ती चिमट्यानं उपटतात, मूळ जमीन फाडत वर येतं. मला आत नेताना तेच डोळ्यांसमोर होतं.

पुढचं मला इतरांनी सांगितलं. एक तार सरळ निघाली. दुसरीनं टोकाशी हृदय धरून ठेवलं होतं. ती सुटली तेव्हा हृदयाला भोक पडलं. हृदयाभोवती पिशवी असते, तिच्यात रक्त साचलं आणि त्या रक्तानं हृदय दाबून धरलं. त्याला टॅम्पोनाड म्हणतात. छातीच्या मधल्या हाडाखालून सुई खुपसून, नळी घालून ते रक्त काढलं.

शुद्ध आली तेव्हा मानेत तार, पोटाच्या वर नळी आणि दोन्ही हात पलंगाला बांधलेले. झोपेत मी नळ्या ओढत होते म्हणे. डावी जखम उघडीच होती. रोज तिच्यातला कापूस काढून नवा कोंबत. आयुष्यभर कापूस हाताळला, पण त्याचा असा धाक कधी वाटला नव्हता.

एकदा चादर बदलायला सिस्टरनं मला कुशीवर वळवलं आणि मला खोकला आला. मानेतली तार आतून सरकली. उशाशी मशीन चालूच होती, दिवा लागत होता, पण झटका हृदयाला पोचत नव्हता. मी पुन्हा त्या विहिरीत गेले. या वेळी तळाला.

वर आले ती मारानं. एक धिप्पाड डॉक्टर दोन्ही तळहातांनी माझी छाती दाबत होता, उखळात मुसळ घालावं तसा. त्याला सीपीआर म्हणतात, थांबलेलं हृदय हातानं चालवणं. माझ्या फासळ्या मोडल्या तो आवाज मी ऐकला. दुसऱ्या एका पोरगेलाशा डॉक्टरनं तोंडावर मास्क धरला होता. मास्क सरकला तशी मी त्याच्या हाताला चावले. कचकचून चावले. जो मला मारतो आहे त्याला मारायचं, एवढंच मला कळत होतं. पाहुण्याला पाणी देतानाही मान वर न करणारी मी.

सरकलेली तार त्यांनी पुन्हा जागेवर बसवली. दुसऱ्या दिवशी तो पोरगेलासा डॉक्टर आला आणि हाताची पट्टी दाखवून म्हणाला, "ताई, दात एकदम मजबूत आहेत हो तुमचे."

मला हसू आलं आणि मोडलेल्या फासळ्यांमुळे रडूही.

आत्याबाईंना भेटायला सोडलं तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर आपल्या तोंडात मारून घ्यायला सुरुवात केली. फाडफाड. "ह्याच हातानं भाजलं व तुले! ह्याच हातानं!" माझे हात तेव्हा सोडलेले होते. मी त्यांचं मनगट पकडलं. मोठे डॉक्टर मागे उभे होते. म्हणाले, "आजी, इन्फेक्शन बिब्याच्या आधीच झालं होतं. बिब्यानं ते वाढलं, हे खरं. पण आता मारून घेऊ नका. मला इथे आणखी एक पेशंट नको."

नवी मशीन लगेच बसवता येत नाही. रक्त बाटलीत ठेवून त्यात जंतू वाढतात का ते पाहतात, त्याला कल्चर म्हणतात. ते स्वच्छ येईपर्यंत मी त्या एका तारेवर लटकून होते. खोकला आला की जीव मुठीत धरायची. सलाइनमधल्या औषधानं हातांच्या शिरा जळून काळ्या पडल्या. मग एकदाची नवी मशीन उजव्या बाजूला बसवली. मानेतली तार काढली आणि मी श्वास धरून वाट पाहिली. ठोका आला. मग दुसरा आला.

या हंगामात मी वेचायला जात नाही, बांधावर बसते. एक दिवस शेजारच्या गावची सुनंदा मजुरीला आली. तिच्या पोलक्यातून डाव्या बाजूला चौकोनी उंचवटा दिसत होता आणि त्यावरच फडक्याची गाठ. मी उठले, धावत गेले आणि ती गाठ हिसका देऊन सोडली. फडकं सुटलं, कापूस ओळींमधल्या तासात सांडला.

"पागल झाली काय व!" तिनं मला ढकललं. "सकाळपासून वेचून राह्यली मी!"

मी स्वतःच्या पोलक्याची दोन बटणं काढली. डावीकडे खड्डा आणि भाजल्याचा काळा डाग, उजवीकडे नवा उंचवटा. साऱ्या बाया पाहत होत्या. ज्या जागेसाठी मी डॉक्टरसमोर लाजले होते, ती मी भर वावरात उघडी केली.

"हात लावून पाह्य," मी म्हटलं.

तिनं बोट लावलं. "लय दुखलं काय, वहिनी?"

"लय."

तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या छातीत अशी मशीन असेल, तर एवढं ऐका. तिच्यावर दोरी, पट्टा, गाठ काही येऊ देऊ नका. लाल दिसलं, गरम लागलं, तर त्याच दिवशी दाखवा. फोडू नका, शेकू नका, काही लावू नका. लाजू तर मुळीच नका. ज्यांनी माझ्या फासळ्या मोडून मला परत आणलं, त्यांचे उपकार मी विसरत नाही. ज्याला चावले, त्याचे तर नाहीच.

सुनंदा खाली बसून कापूस गोळा करू लागली. मीही बसले. मागून आत्याबाई आल्या, फडकं उचललं, झटकलं आणि त्याची दोन्ही टोकं तिच्या कमरेला घट्ट आवळली.

"खांदा मोकळा ठेव, पोरी," त्या म्हणाल्या. "कापूस कमी मावला तं मावू दे."