न घेतलेलं वकीलपत्र

वाघमारे बाईंना खुर्चीत टेकून बसलेलं मी कधी पाहिलं नाही. नगरपालिकेत चर्चा चालू असली की त्या खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या घालत ऐकायच्या. फाईल कधी या काखेत, कधी त्या. नवे नगरसेवक वैतागायचे. बाई आमच्या कायदेशीर सल्लागार आणि मी कनिष्ठ अभियंता. पुण्याच्या कडेला वाढत चाललेलं आमचं गाव नुकतंच स्वतःला शहर म्हणवू लागलं होतं. गटारं, कर, कर्ज, कचरा, कशाचाच मेळ बसत नव्हता. कुठलाही ठराव आला की बाई विचारायच्या, "कायद्यात बसतं का ते मी बघते. जागेवर बसतं का ते कोणी बघून आलंय?" बघून आलेलं सहसा कोणी नसे. मग त्या मला जीपमध्ये घालून निघत.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. कचरा टाकायला गावात जागा उरली नव्हती. आमच्या अध्यक्षांनी पिरंगुटच्या पुढे, कोळवणच्या बाजूला, दगडाची एक बंद खाण शोधून काढली. मालक स्वस्तात द्यायला तयार होता आणि सरकारी अनुदान मार्चअखेर परत जाणार होतं. खाणीच्या गावाचं नाव ऐकताच बाई चालता चालता थांबल्या. ते त्यांचं माहेर होतं. मला यातून वगळा, असं त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं. अध्यक्षांना उलट बरंच वाटलं. गाव बिथरलं तर समजूत घालायला घरचंच माणूस, असा त्यांचा हिशोब. बाई दोन दिवस अस्वस्थ होत्या. शेवटी मला म्हणाल्या, "मी बाजूला झाले तर दुसरा वकील खाण न बघताच सही करेल. चल."

खाणीखालच्या उतारावर एक झरा होता. एक धनगर म्हातारी तिथे शेरडं पाजत होती. शहरात शुद्ध बोलणाऱ्या बाई क्षणात गावच्या झाल्या. पाणी कुटनं येतंय, असं त्यांनी विचारलं. म्हातारी म्हणाली, "खाणीतनंच झिरपतंय की. उन्हाळ्यात समदं गाव हितंच येतंय पाण्याला." बाई ओंजळभर पाणी प्यायल्या आणि जीपकडे निघाल्या.

दुसऱ्या दिवशी बंद दाराआड त्यांनी अध्यक्षांना नको म्हणून सांगितलं. मी हजर होतो. पाण्याच्या प्रदूषणाचा कायदा आहे, उद्या खटला झाला तर पालिका एकटी उभी राहणार नाही, तुम्हीही राहाल. जमीन स्वस्त आहे, पण एवढ्या लांब ट्रक पाठवायचं डिझेल दरवर्षी पालिकेला खात राहील. त्यापेक्षा आपल्याच हद्दीत, जुन्या कत्तलखान्यामागे, ओला कचरा कुजवून खत करा. अध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं आणि खाण घेतली. बहुमत त्यांचं होतं.

बातमी फुटली तशी माहेरची माणसं बाईंच्या घरी आली. पुढे त्यांचा धाकटा भाऊ सुदाम. कोर्टात जायचंय, आमचं वकीलपत्र घे, असं त्याचं म्हणणं. बाई उभ्याच होत्या. पालिकेची वकील असताना पालिकेविरुद्ध उभी राहू शकत नाही, एवढंच त्या म्हणाल्या. सुदामने विचारलं, "आक्का, तू कुणाची हायेस?" बाईंनी चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. तो चहा न पिता गेला, आणि त्यानंतर बहिणीशी बोलला नाही.

पहिले ट्रक निघाले त्या सकाळी गाव रस्त्यावर आडवं झालं. पोलीस आले. अध्यक्षांनी बाईंना बोलावून घेतलं. जीपमधून उतरल्या तेव्हा शेणाचा एक गोळा त्यांच्या पदरावर येऊन पडला. त्यांनी तो झटकलाही नाही. अध्यक्षांना त्यांनी बाजूच्या आंब्याखाली नेलं, मी मागोमाग होतो, आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुमची वकील म्हणून सांगते. आज एक गाडी जरी पुढे गेली, तर उद्या कोर्टात तुम्हाला वाचवायला माझ्याकडे काहीही नाही." अध्यक्षांनी एकदा रस्त्यावरच्या गर्दीकडे पाहिलं. मग त्यांनी ट्रक वळवायला लावले. गावाने हलगी वाजवली. विजय गावाचा होता. बाई जीपच्या मागच्या सीटवर बसून सतत पदराची कड गुंडाळत आणि उलगडत होत्या.

खत पुढे कत्तलखान्यामागेच झालं. बाई आणखी काही वर्षं आमच्याकडे होत्या. गावच्या चौदा एप्रिलच्या जयंतीला त्यांना आमंत्रण येत नसे. त्या दिवशी त्या हमखास कुठल्यातरी नाल्याची पाहणी काढायच्या आणि मला दिवसभर पायपीट करायला लावायच्या.

बाई छातीच्या दुखण्याने अचानक गेल्या. त्यानंतर आठवड्याभराने सुदाम माझ्या कचेरीत आला. पिकलेला, थकलेला. टोपीशी चाळा करत बसला. मग म्हणाला, "तिनं आमचं वकीलपत्र घ्याया पायजे व्हतं, सायेब."

मी त्याला आंब्याखालचं सांगितलं. बंद दाराआडचंही सांगितलं. बाई तुमच्या वकील झाल्या असत्या तर अध्यक्षांनी त्यांचं ऐकलं नसतं, हेही सांगितलं.

"मंग हे बोलली का न्हाई ती?"

"पक्षकाराला दिलेला सल्ला वकिलाला बाहेर बोलता येत नाही."

तो उठला, दारापर्यंत गेला आणि तिथेच उभा राहिला.

"मला बी न्हाई?"

"कुणालाच नाही," मी म्हणालो.