पाण्याचा नैवेद्य

सरोजिनीबाई आठल्ये दर चातुर्मासात काहीतरी नेम धरतात, हे बिबवेवाडीतल्या त्यांच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे. नेम त्यांचा असला तरी त्याची झळ इतरांना लागते. कांदा-लसूण सोडणं हा त्यांच्या लेखी नेमच नव्हे, ते तर कोणीही सोडतं. एका वर्षी त्यांनी पानात वरून मीठ घेणं सोडलं. एका वर्षी जेवताना मौन पाळलं. "ते वर्ष फार उत्तम गेलं," असं त्यांचे यजमान श्रीनिवासराव अजूनही आल्यागेल्याला सांगतात. श्रीनिवासराव एका शाळेत हेडक्लार्क होते. निवृत्तीला नऊ वर्षं झाली, पण समोरच्याच्या अर्जातली चूक काढायची सवय काही सुटलेली नाही.

यंदाचा नेम समोरच्या अस्मितासाठी होता. अस्मिता तांबे म्हणजे शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, बावीस वर्षांपासूनची शेजारीण. दोघींच्या दारांमध्ये चार पावलांचं अंतर, आणि त्या चार पावलांत वाट्यांची ये-जा कधी थांबली नाही. तिची मुलगी चैताली कॅनडात असते. लग्नाला सात वर्षं झाली, दोनदा दिवस राहिले आणि दोनदा हातातोंडाशी आलेलं गेलं. आता तिसऱ्यांदा राहिले होते. डॉक्टरांनी तिला झोपून राहायला सांगितलं, तशी अस्मिता आषाढ लागतालागताच निघाली. निघताना खिडकीतलं ऑर्किड सरोजिनीबाईंच्या हातात ठेवून म्हणाली, "चैतालीनं दिलंय गं वाढदिवसाला. फार काही करायला लागत नाही. थोडं पाणी घालत जा."

पांढऱ्याशुभ्र चिनी मातीच्या कुंडीत सहा जाड, तुकतुकीत पानं होती. फुलं नुकतीच झडून गेलेली.

एकादशीला सरोजिनीबाई देवापुढे बसल्या आणि चैताली सुखरूप मोकळी होईपर्यंतचा नेम बोलून मोकळ्या झाल्या. रोज सकाळी या झाडाला पाणी दिल्याशिवाय स्वतः पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. पाणी नाही म्हणजे चहाही नाही. सकाळचा चहा हा सरोजिनीबाईंचा जीव की प्राण, तेव्हा नेम दिसायला साधा असला तरी आतून कडक होता. अर्धा तांब्या पाणी, रोज, न चुकता.

पहिलं पान पिवळं पडलं ते आषाढ संपतासंपता. खालचं होतं. "म्हातारं झालं असेल," श्रीनिवासराव म्हणाले. नागपंचमीला दुसरं गळालं. मग तिसरं, आणि तेही धडधाकट दिसणारं. बोट लावलं तर बुंध्यापासून अलगद सुटून हातात आलं, ओलं आणि मऊ.

सरोजिनीबाईंनी ते पान पदराखाली झाकून आत नेलं. कोणापासून झाकत होत्या कोण जाणे, घरात श्रीनिवासरावांशिवाय कोणी नव्हतं. आपण त्या पोरीच्या बाळासाठी शब्द टाकला तो या झाडावर हात ठेवून, आणि हे असं एकेक पान टाकत चाललंय. झाड गेलं तर? पुढचा विचार त्या मनातही पुरा करत नव्हत्या. वाक्य अर्ध्यावर तोडून रामरक्षा म्हणायच्या. तोंडाने रामरक्षा आणि डोळे पानांवर.

अस्मिताला विचारायची सोय नव्हती. तिथे पोरगी एका कुशीवर दिवस काढतेय आणि हिला झाडाचं काय सांगायचं? उलट एके दिवशी अस्मितानंच मेसेज केला, "ऑर्किडचा फोटो पाठव गं. चैताली विचारतेय." सरोजिनीबाईंनी फोन हातात घेऊन पाच मिनिटं काढली. मग पहिल्या आठवड्यात हौसेनं काढलेला सहा पानांचा फोटो शोधला आणि पाठवून दिला. आयुष्यात इतकं सरळ खोटं त्या कधी बोलल्या नव्हत्या, आणि हे तर बोलायचीही गरज पडली नाही. पलीकडून लगेच बदामाचं चित्र आलं. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

"त्याला बाईचा हात मानवत नाही, नर्सरीवाल्याला दाखव," श्रीनिवासराव म्हणाले.

"नर्सरीवाली आहे. वेणूबाई."

"मग तिचा तरी मानवेल."

कुंडी मांडीवर घेऊन सरोजिनीबाई रिक्षानं कात्रजच्या रस्त्याला गेल्या. रस्त्याकडेला हिरवी जाळी बांधून वेणूबाईंनी रोपं मांडली होती. त्यांनी ऑर्किड हातात घेतलं, पान दाबलं, कुंडीला नाक लावलं.

"किती पाणी घालता ह्याला?"

"रोज. अर्धा तांब्या."

"रोज?" वेणूबाईंनी कुंडी उचलून खालून पाहिली. "आन् हिला भोक कुठं हाय? दीड महिना पाण्यात उभं हाय बिचारं. रोज पाण्यात बसवायला ही काय म्हैस हाय का, ताई?"

त्यांनी झाड बाहेर काढलं. मुळं शिजलेल्या शेवयांसारखी लिबलिबीत झाली होती. सरोजिनीबाईंनी मान फिरवली. वेणूबाईंनी ब्लेडनं सडकी मुळं एकेक कापून टाकली आणि कापलेल्या जागी हळद भरली. पोराच्या ढोपराला भरावी तितक्या सहज. शेवटी तीन टणक, पांढरट मुळं उरली.

"हे जंगलात दुसऱ्या झाडाच्या अंगावर राहतंय. माती नको ह्याला, हवेतलं पाणी पितंय. आता दोन दिस असंच उघडं ठेवा, सुकू द्या. मग कोळसा आन् करवंटीचे तुकडे घालून भोकाच्या कुंडीत बसवा. आठ-दहा दिवसांतनं एकदा पाणी, तेबी निथळून."

"पण माझा नेम आहे रोज पाणी घालायचा."

"नेम तुम्ही धरलाय. ह्यानं न्हाई."

रिक्षात बसल्यावर सरोजिनीबाईंना दोन गोष्टी एकदम कळल्या. एक म्हणजे झाड कशानं चाललं होतं ते कळलं. दुसऱ्या कशाची सावली नव्हती, नुसतं पाणी होतं. त्यांचंच, भक्तीनं घातलेलं. हे लाजिरवाणं होतं, पण छातीवरचा धोंडा उतरल्यासारखंही वाटलं. दुसरी गोष्ट घर येईपर्यंत त्या बोटांवर मोजत होत्या. झाडाला दोन दिवस पाणी नाही. म्हणजे उद्या नाही, परवा नाही.

श्रीनिवासरावांच्या ते चटकन लक्षात आलं. "आणि त्यानंतर दर आठ-दहा दिवसांनी एकदा. उंट पाहिलाय मी, पण बिबवेवाडीत नाही."

"थट्टा नकोय."

"थट्टा नाही, तुझ्या नेमाचं कलम वाचतोय. मोडून टाक आणि दुसरा धर."

"चैतालीचं व्हायच्या आत? मोडायचा?" एवढंच त्या बोलल्या.

दुसऱ्या दिवशी सरोजिनीबाई पाण्यावाचून उठल्या, पाण्यावाचून स्वयंपाकाला लागल्या. ऑर्किड खिडकीत सुतळीला टांगलेलं, हळदीनं पिवळंधमक. ब्लड प्रेशरची गोळी त्यांनी दुधाबरोबर घेतली. "दूध म्हणजे पाणी नव्हे," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

"आपल्या दूधवाल्याचं असेल तर पाणीच आहे," आतून आवाज आला.

अकरा वाजेपर्यंत त्यांची जीभ टाळूला चिकटली होती. हात भराभर चालेनात. श्रीनिवासराव दोनदा स्वयंपाकघरात येऊन पाण्याचा पेला ओट्यावर ठेवून गेले. सरोजिनीबाईंनी दोन्ही वेळा तो माठात रिता करून वर उपडा ठेवला. बारा वाजता नैवेद्याचं ताट वाढलं, वरणभात, भाजी, काकडीची कोशिंबीर. ताट देवापुढे ठेवलं, पळीतलं पाणी हातावर घेऊन ताटाभोवती फिरवलं आणि डोळे मिटून हात जोडले.

हात जोडलेलेच राहिले.

चाळीस वर्षं त्या हे पाणी फिरवत आल्या होत्या. देवानं कधी वरणात हात घातला नव्हता. भाताचं एक शीत कमी झालं नव्हतं. तरी त्याला पोचलं नाही, असं त्यांना एक दिवस वाटलं नव्हतं. आपण पुढे ठेवायचं आणि त्यानं त्याच्या रीतीनं घ्यायचं. मग त्या झाडाच्या नरड्यात तांब्या ओतायला त्यांना सांगितलं कोणी होतं? ते हवेतून पितं, असं वेणूबाई म्हणाल्याच होत्या.

त्या उठल्या. एका ताटलीत खडे पसरले, वर बोटभर पाणी ओतलं आणि ताटली टांगलेल्या ऑर्किडच्या खाली, वीतभर अंतरावर ठेवली. तळहातावर पाणी घेऊन तिच्याभोवती फिरवलं. हात जोडले. मग माठावरचा पेला सुलटा केला आणि उभ्यानंच घटाघटा दोन पेले पाणी प्यायल्या.

श्रीनिवासराव दारात उभे होते. हेडक्लार्कच्या नजरेनं त्यांनी ताटली पाहिली, झाड पाहिलं, बायको पाहिली.

"नियमात बसतं," ते म्हणाले. आणि चहाचं आधण त्यांनी स्वतः ठेवलं, ही गोष्ट त्या घरात तशी नवीन होती.

यानंतर चमत्कार झाला म्हणावं, तर तसं काही झालं नाही. कोळशात बसवल्यावरही एक पान गेलंच. दोन उरली. दोन पानांचं ते झाड पाहून गणपतीला आलेल्या पाहुण्यांनी "हे काय ठेवलंय?" असं विचारलं. पण सरोजिनीबाई आता पान हातात येण्याची वाट पाहत नव्हत्या. रोज सकाळी ताटलीत पाणी, पाण्याचं मंडल, नमस्कार, मग चहा. दहाव्या दिवशी खरं पाणी, मोरीत नेऊन, पूर्ण निथळून. घटस्थापनेच्या आधी एके सकाळी बुंध्याशी हिरवं टोक दिसलं, मुगाला मोड यावा तसं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं, आणि श्रीनिवासरावांना बोलावलं. त्यांनी भिंग आणलं.

"मूळ आहे," त्यांनी निकाल दिला. "नवीन."

फोन आला तो नवरात्रातल्या पाचव्या माळेला, सकाळी सहाच्या सुमाराला. सरोजिनीबाई ताटलीतच पाणी ओतत होत्या.

"सरोजिनी, मुलगी झाली," अस्मिताचा आवाज रडून रडून बसला होता. "दोघी छान आहेत. पावणेतीन किलो. रडते म्हणजे काय, अख्खं हॉस्पिटल उठवलं तिनं."

सरोजिनीबाई खाली बसल्या. बराच वेळ दोघी काही ना काही बोलत राहिल्या, एकमेकींचं न ऐकता. बाळाचे केस, चैतालीचं दुखणं, जावयाची चक्कर. मग सरोजिनीबाईंनी घसा साफ केला. हे त्यांनी दीड महिना घोकलं होतं.

"अस्मिता, एक सांगायचंय. तुझं झाड..."

"झाड गेलं खड्ड्यात गं. आज्जी झाले मी."

"खड्ड्यात कसं जाईल? दोन पानं आहेत त्याला," सरोजिनीबाई जरा दुखावूनच म्हणाल्या. "चार माझ्यामुळे गेली. रोज पाणी घालत होते मी. आणि तो फोटो पाठवला ना तुला, तो जुना होता."

"माहितीये."

"काय माहितीये?"

"राखीपौर्णिमा होऊन गेल्यावर पाठवलास आणि मागे भिंतीवर कॅलेंडर जुलैचं. पस्तीस वर्षं पोरांचे पेपर तपासलेत मी."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तू खोटा फोटो पाठवतेस म्हणजे झाड चाललंय आणि तुझा जीव टांगणीला लागलाय, एवढं कळलं. मी विचारलं असतं तर तू इथे येऊन माझे पाय धरले असतेस." अस्मिता थांबली. "चैतालीला तो फोटो दाखवला मात्र. ती म्हणाली, काकू किती छान सांभाळतायत."

"अगं, मग आता तिला..."

"आता तिला झोपू दे. आणि तू चहा घे. घेतलास का?"

नव्हता घेतला. सरोजिनीबाईंनी फोन ठेवला. श्रीनिवासराव ओट्याशी उभे होते, आधण उकळत होतं.

"नाव काय ठेवणार, विचारलंस?" त्यांनी विचारलं.

"राहिलं," सरोजिनीबाई म्हणाल्या. त्यांना हसूही येत होतं आणि रडूही. "साखर घाला जरा जास्त."