पेंद्या उठत नव्हता

बारा कुत्री मैदानावर एका रांगेत आडवी होती आणि एकाचाही मालक समोर नव्हता. मालक सगळे कनातीमागे उभे. त्यांना कुत्री दिसत नव्हती, कुत्र्यांना ते दिसत नव्हते. पुण्याहून आलेल्या परीक्षक मॅडमच्या हातात स्टॉपवॉच होतं. तेवढ्यात हायवेच्या बाजूने फटाक्यांची लड कडाडली.

या परीक्षेला आमच्या धंद्यात ‘स्टे’ म्हणतात. मालकाने कुत्र्याला झोपवायचं, ‘थांब’ म्हणायचं आणि नजरेआड व्हायचं. वेळ संपेपर्यंत कुत्र्याने उठायचं नाही. सोपं वाटतं? घरातल्या माणसाला तेवढा वेळ मोबाइलशिवाय बसवून दाखवा.

मी लष्करात कुत्री शिकवायचो. रिटायर झाल्यावर मांजरसुंब्याजवळ क्लास काढला. कुत्र्यांचा क्लास म्हटल्यावर लोक पोट धरून हसले. मग एकेक बागायतदार शेफर्ड नि रॉटवायलर घेऊन यायला लागला. “फौजी, ह्यो आमचं ऐकत न्हाई, बघा जरा.” खरं तर शिकवावं लागतं मालकालाच. पण तसं तोंडावर म्हटलं तर क्लास बंद पडेल.

या सगळ्यात एक गावठी कुत्रा होता, पेंद्या. हायवेवर ढाबा चालवणाऱ्या द्वारकामावशींचा. काळातांबडा, एक कान कायम पडलेला. मावशी एकट्या राहायच्या. मूलबाळ नाही, माणूस जाऊन बरीच वर्षं झालेली. पेंद्याशी त्या दिवसभर बोलायच्या, आणि तो ऐकायचाही. गिऱ्हाईक जेवत असताना तो पायरीच्या खाली उतरून बसायचा. मावशींनी “पंगत उठली!” अशी हाक मारली की मगच वर यायचा. असं कुत्रं बघितल्यावर माझ्यासारख्याचा हात कसा आवरणार? मीच त्यांच्या मागे लागलो, याला स्पर्धेत उतरवा म्हणून.

स्टे पक्का करायची एक रीत आहे. कुत्र्याला मालकाने झोपवायचं आणि परक्या माणसाने त्याला उठवायचा प्रयत्न करायचा. लाडाने बोलवायचं, ओरडायचं, अंगावर पळत जायचं. तो हलला नाही, तर मालकाने येऊन बक्षीस द्यायचं. पेंद्याच्या बाबतीत परका माणूस मी होतो. मी घसा फोडून “पेंद्या, ये!” म्हणायचो. तो हनुवटी जमिनीला चिकटवायचा आणि शेपटीचं टोक हलवायचा. मग मावशी यायच्या आणि उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यायच्या. हा खेळ त्याला फार आवडायचा.

स्पर्धा भाऊसाहेबांच्या वाढदिवसाची. भाऊसाहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. कार्यक्रमाची सगळी सूत्रं त्यांचा कार्यकर्ता कल्याण याच्याकडे होती. त्याला मी आधीच बजावलं होतं, कुत्री मैदानात आहेत तोवर डीजे नाही, फटाके नाहीत.

“फौजी, भाऊसाहेबांचा बर्थडे हाय, सुतक न्हाई,” कल्याण म्हणाला.

“मग स्पर्धा ठेवू नका.”

“बरं बरं. भाऊसाहेबांना धाचं निमंत्रण हाय. म्हंजी येत्याल एकला. तवर तुमचं उरकून घ्या.”

आणि मीही ते मान्य केलं. आमच्याकडे कुणालाही विचारा, तो हेच म्हणेल. दहाच्या कार्यक्रमाला पुढारी दहाला येतो, हे कधी घडलंय का? सगळा मांडव त्या उशिराच्या भरवशावर उभा होता.

त्या दिवशी भाऊसाहेब दहाला आले.

फटाके वाजले आणि पाठोपाठ डीजे सुरू झाला. अकरा कुत्री उठली. उठली कसली, उधळली. एक लॅब्रॅडोर पाहुण्यांच्या गाडीत जाऊन बसला. भल्या दांडग्या रॉटवायलरने स्टेजखाली आसरा घेतला. शेफर्ड कनात फाडून पलीकडे गेला आणि मालकांची एकच पळापळ झाली. मॅडम शिट्टी वाजवत होत्या, ती त्यांना स्वतःला तरी ऐकू येत होती की नाही कोण जाणे.

मग गेटमधून जेसीबी आत आला. हल्ली नुसत्या हारावर कुणाचं भागत नाही, जेसीबीतून फुलं उधळावी लागतात. समोरची बकेट झेंडूने शिगोशीग भरलेली, ड्रायव्हरच्या तोंडासमोर धरलेली. गेट आणि स्टेज यांच्यामध्ये आमचं रिंगण होतं. कार्यकर्त्यांनी रिंगणाची दोरी सोडून बाजूला फेकली. वाट मोकळी दिसली म्हणून त्यांनी जेसीबीला सरळ स्टेजकडे घेतलं.

वाट मोकळी नव्हती. पेंद्या तिथेच झोपून होता.

मी काठावर उभा होतो. पहिल्यांदा मला अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू. बघा, अकरा जातिवंत पळाले आणि आमचा गावठी जागचा हलला नाही. दुसऱ्या क्षणी तो अभिमान उतरला. जेसीबी सरळ त्याच्यावर चालला होता, आणि ड्रायव्हरला बकेटीपुढचं काही दिसत नव्हतं.

“पेंद्या, ये!” मी ओरडलो.

त्याने माझ्याकडे बघितलं. हनुवटी जमिनीला चिकटवली आणि शेपटीचं टोक हलवलं.

लष्करात मी स्फोट बघितलेत, पण असा हादरलो नव्हतो. त्याला वाटत होतं, फौजी परत तोच खेळ खेळतोय. मी जितका जोरात ओरडेन, तितका तो घट्ट झोपणार. आणि चाक अंगावर येईपर्यंत अंड्याची वाट बघणार.

“पंगत उठली!” मी बोंब ठोकली. त्याने एक कान टवकारला, पण तो उठला नाही. आवाज मावशींचा नव्हता. मावशी कनातीमागे, आणि मध्ये डीजेची भिंत.

मी पळत सुटलो. ड्रायव्हरला हात केले, पण त्याला मी कुठून दिसणार? नाचणाऱ्या पोरांना वाटलं, फौजी रंगात आले. पेंद्याजवळ पोहोचलो तेव्हा इंजिनाची धग तोंडावर लागत होती. गळपट्टा धरून ओढला, तर त्याने नखं मातीत रुतवली. त्याचं सगळं वजन मला नको म्हणत होतं. शेवटी पोटाखाली हात घालून त्याला उचलला आणि अंग टाकून दिलं. आम्ही दोघं लोळत बाजूला गेलो. मागे कडकड आवाज झाला. पेंद्याच्या नंबराची लाकडी पाटी होती, तिच्यावरून चाक गेलं.

आता कुणीतरी जिवाच्या आकांताने ओरडलं आणि जेसीबी थांबला. घाबरून ड्रायव्हरने कुठला दांडा ओढला देव जाणे, सगळी बकेट आमच्या अंगावर रिकामी झाली. मी आणि पेंद्या झेंडूखाली. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना हा कार्यक्रमातलाच भाग वाटला. त्या टाळ्या आठवल्या की मला आजही कसंसंच होतं.

ड्रायव्हर खाली उतरला. तोंड पांढरंफटक. “आईशप्पथ दिसला न्हाई, फौजी. म्होरं बकेट हुती,” एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

डीजे बंद झाला तेव्हा मावशी धावत आल्या. पेंद्याला माझ्या हातात बघून आधी माझ्यावरच भडकल्या. “कावून उठिवला त्याला? येळ झाला नव्हता ना? म्या बोलिवलं का त्याला?”

मी मागे बोट केलं. मावशींनी चाकाची खूण बघितली, पाटीचा चुरा बघितला. मग त्या फुलांतच मटकन बसल्या. पेंद्या त्यांच्या मांडीत शिरला आणि त्याने त्यांच्या मुठीला नाक लावलं. मुठीत अंड्याचा तुकडा होता, पार कुस्करून गेलेला. तो त्यांनी त्याला भरवला.

मॅडमनी हलक्या आवाजात नियम सांगितला. परक्याने हात लावला की कुत्रा बाद. बाकीचे अकरा आधीच बाद झाले होते. म्हणजे स्टेचं बक्षीस कुणालाच नाही.

“असं कसं?” कल्याण म्हणाला. “ह्योच खरा विनर हाय. मावशी, चला स्टेजवर. भाऊसाहेबांच्या हातनं ढाल घ्या, फोटू काढू. लई व्हायरल हुईल.”

मावशींनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाल्या, “फौजी, तुमी मला लई चांगलं शिकिवलं. पर म्या उद्या कनातीमागंच मेले, तर ह्यो तितंच बसून ऱ्हाईल. कवाच उठायचा न्हाई.”

मग पेंद्याला काखेत मारून त्या ढाब्याकडे निघाल्या. ढाल कुणाला दिली, मी विचारलं नाही.

आता माझ्या क्लासमध्ये स्टेच्या आधी दुसरा धडा असतो. एक शब्द, जो कुणीही म्हटला तरी कुत्र्याने उठून त्या माणसाकडे पळत यायचं. शब्द मावशींचाच घेतला. बागायतदारांचे शेफर्ड आणि रॉटवायलर “पंगत उठली!” ऐकून धावत येतात, तेव्हा मालकांना जरा ओशाळल्यासारखं होतं. होऊ दे.

शिकायला सगळ्यात जास्त वेळ पेंद्याने घेतला. रोज ढाब्यावर जायचो, मावशींनी त्याला झोपवायचं, मी हाक मारायची. तो हनुवटी चिकटवायचा, शेपटी हलवायचा आणि मावशींकडे बघायचा. शेवटी एका दुपारी मावशी त्याला म्हणाल्या, “ऊठ रं बाबा, त्यो बी आपलाच हाय.” आणि तो उठला. सावकाश, दर पावलाला मागे वळून बघत, माझ्यापर्यंत आला.

थांबायला शिकवणाऱ्याने उठवायचीही सोय करून ठेवावी. त्या दिवशी अंडं मी दिलं.