कॅसिडी साहेबाचं पान

रोहण्यात सुलोचनाबाईंचा पत्ता विचारला तर लोक घर सांगत नाहीत, डोळे सांगतात. "घाऱ्या डोयाची बाई, किराण्याच्या दुकानात बसते, तेच." हे डोळे त्यांना वडिलांकडून, म्हणजे पुनाजीकडून आले, आणि पुनाजीला त्याच्या बापाकडून. तो बाप आयर्लंडचा होता. पुलगाव-आर्वीच्या छोट्या रेल्वेचं काम चाललं होतं तेव्हा कॅसिडी नावाचा साहेब देखरेखीसाठी रोहण्यात तंबू ठोकून राहिला होता. त्याच कामावर रामबाई टोपल्यांनी गिट्टी वाहायची. वैशाखात साहेब उन्हातून यायचा आणि तिच्या माठातलं पाणी ओगराळ्यानं घटाघटा प्यायचा, माठ रिकामा करून टाकायचा, असं ती म्हातारपणीही हसत सांगे. लाइन पुरी झाली, साहेब मायदेशी गेला, पुनाजी तेवढा मागे राहिला. गावाला जेवढं बोलायचं होतं तेवढं ते बोलून झालं. आता तर ती छोटी गाडीही बंद पडली आहे आणि रुळांवर बाभळी वाढल्या आहेत.

साहेब गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी रामबाईनं गावात सांगितलं, की तो घरी पोचला आणि तापानं मेला. तिनं कुंकू पुसलं, बांगड्या उतरवल्या, आणि अक्षयतृतीयेला, म्हणजे तिजेला, पितरांच्या पानांत त्याच्या नावाचं एक पान वाढलं. गावाचं तोंड बंद झालं. टाकलेल्या बाईला गाव टोचून खातं, विधवेला निदान ओसरीवर बसायला सांगतं. पोराचीही सोय झाली. बाप कुठे आहे म्हणून कोणी विचारलं तर त्याला पानाकडे बोट दाखवता येऊ लागलं.

पुनाजीला सुलोचना ही एकच मुलगी. म्हणून डोमाजी घरजावई आले आणि रामबाईच्या घरची पानं रामबाईच्याच घरात राहिली. दर तिजेला पळसाच्या पत्रावळी मांडायच्या, पुरणपोळी, कढी, वडे वाढायचे, एकेकाचं नाव घ्यायचं आणि नव्या घागरीतलं पाणी हातावरून त्याच्या पानाशी सोडायचं. साहेबाच्या पानाशी मात्र पाणी सोडायचं नाही. "साहेबाले आपलं पाणी चालत नोयतं," असं रामबाई म्हणे, आणि तिच्यामागे पुनाजीनं आणि मग सुलोचनाबाईंनी ते तसंच चालवलं. घराण्याच्या रीती अशाच असतात, कोणी उलटून विचारत नाही. डोमाजी दरवर्षी न चुकता म्हणायचे, "सोड्याची बाटली ठेव मंग त्याच्यापुढं."

यंदा सुलोचनाबाईंच्या मनानं घेतलं, की हे पान एकदा साहेबाच्या गावी जाऊन वाढायचं. त्यांच्यानंतर ते कोण वाढणार? मुलगा योगेंद्र नागपूरला असतो, त्याला पितरांची नावं पाठ नाहीत, आणि सून पुरण विकत आणते. साहेबाला त्याच्याच मातीत एकदा जेवू घालावं, हात जोडावेत आणि तिथंच ठेवून यावं, म्हणजे मागे कोणाच्या डोक्याला ताप नको. सोयही आयतीच होती. योगेंद्रची मुलगी आचल सावंगीला नर्सिंग शिकून आयर्लंडलाच लागली होती, कॉर्क शहरात. साहेबाचं गाव तिथून जवळ. त्या गावाचं नाव रामबाईला मरेपर्यंत पाठ होतं आणि तिनं ते लहानग्या सुलोचनाबाईंकडून घोकून घेतलं होतं.

आठवडाभराचा बेत ठरला. तीज बरोबर मध्ये येईल असं तिकीट काढलं. सुलोचनाबाईंनी बॅग काढून पलंगावर ठेवली ती महिनाभर तिथंच राहिली. लुगड्यांच्या घड्यांमध्ये पत्रावळी गेल्या, मोज्यांत विलायची गेली. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सगळा कार्यक्रम कळला: पहिल्या दिवशी आराम, मग चर्च, मग समुद्र, आणि तिजेला थडगं. डोमाजींना गुडघ्यामुळे जायचं नव्हतं, पण बोलायला गुडघा लागत नाही. "विमानातबी तूच वाढशीन का सगळ्याइले?" ते विचारायचे. आचलकडे एकच काम होतं. थडगं आधी शोधून ठेवायचं.

एका रविवारी आचलचा व्हिडिओ कॉल आला. पोरगी नेहमी बडबडी, त्या दिवशी शब्द मोजून बोलत होती.

"आजी, थडगं सापडलं. पण तो तापानं नाही मेला."

"मंग?"

"म्हातारा होऊन मेला. दगडावर साल आहे, एकोणीसशे एक्कावन्न. इथं आल्यावर त्यानं लग्न केलं होतं. त्याची एक नात आहे, म्हातारी आहे आता, तिनं मला घरी नेऊन चहा पाजला. तिचे डोळे पाह्यशील तर तुझेच आहेत." मग आचलनं एक फोटो दाखवला. दगडी भिंत, लोखंडी फाटक, फाटकावर घराच्या नावाची पाटी. इंग्रजी अक्षरं सुलोचनाबाईंनी एकेक करून लावली. रोहणा.

"इसरला नोयता तो," डोमाजी मागून म्हणाले.

"नाव फाटकाले टांगलं, अन् पोरगं इथं सोडलं," सुलोचनाबाई म्हणाल्या आणि फोन उपडा ठेवला.

त्यांना राग आला, आणि तो दोन वाट्यांचा होता. साहेबाच्या वाट्याचा त्यांनी तिथल्या तिथं काढून टाकला, परक्या माणसाबद्दल कुणी किती चिडणार. आजीच्या वाट्याचा मात्र निघेना. जिनं त्यांना लहानाचं मोठं केलं ती खोटं बोलली होती. पुनाजीच्या लग्नात हळदीच्या आधी पितरांना जेवायला बोलावलं, त्यात साहेबही होता, आणि साहेब तिकडे जिवंत बसून चहा पीत होता. जिवंत माणसाचं पान वाढायचं म्हणजे अपशकून, हे तर शेंबडं पोरही सांगेल. आणि आजीनं ते वर्षानुवर्षं वाढलं. संध्याकाळी त्यांनी आचलला फोन करून तिकीट मोडायला सांगितलं, पत्रावळी बॅगेतून काढल्या आणि बॅग पलंगाखाली सारली.

नंतरचे काही दिवस दुकानात साखरसुद्धा धसमुसळेपणानं तोलली गेली. शेवटी डोमाजीच म्हणाले, "मले एक सांग. तो मेल्याची बातमी आणली कोणं?"

"कोणंच नाई आणली. तेच त म्हणून राह्यली मी. खोटी बोलली आजी."

"बोलली. गावासाठी बोलली. पण मंग पाणी काऊन नाई देल्लं त्याले?"

"साहेबाले आपलं पाणी चालत..." एवढं म्हणून सुलोचनाबाई थांबल्या. त्यांना तो माठ आठवला. वैशाखातला, रोज रिकामा होणारा.

पान गावाला दिसतं. रांगेत एक पान जास्त आहे की नाही हे शेजारीण येऊन मोजून जाते, म्हणून ते वाढणं भाग होतं. पण पाणी आपल्या हातावरून सुटतं. ते एकदा सोडलं की माणूस गेला, याची आपणच कबुली दिली. मेल्याची बातमी कधी आलीच नव्हती, तेव्हा रामबाईच्या लेखी तो जिवंतच होता. जगापुढे तिनं त्याला मारलं, पोराला बाप हवा म्हणून, आणि त्याच हातानं दरवर्षी त्याला राखलं, काही वाईट होऊ नये म्हणून. एक्कावन्न साली तो खरोखर गेला, ते तिला सांगायला कोणी आलं नाही. ती मरेपर्यंत त्याचं पान कोरडंच वाढत राहिली.

सुलोचनाबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि चांगल्या रडल्या. आजीवर चिडलो याचं त्यांना फार वाईट वाटलं. समोर एक गिऱ्हाईक तेल मागत उभं होतं, ते तसंच उभं राहिलं. डोमाजींनी उठून त्याला तेल दिलं.

रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी कॉर्कला फोन लावला.

"तिकीट मोडलं का, बाई?"

"नाही आजी. म्हटलं थांबावं दोन दिवस."

"बरं केलं. ते फाटक कार्यक्रमात टाकू नको. थडगं राहू दे तिजेले. माह्या आजीचा तांब्या आणून राह्यली मी."

"तांब्या कशाला? साहेबाच्या पानाला तर आपण पाणी देत नाही ना." आचल हसली. "आणि इथं रोज पाऊस असतो गं. गेलते तेव्हाही पडतच होता. त्याच्या दगडावर पाणीच पाणी आहे."

"पडू दे. ते आभायाचं," सुलोचनाबाई म्हणाल्या. "घरचं पाणी त्याले अजून कोणं देल्लं नाई."