कलावतीबाईंची नीळ

ठाण्यातल्या कोपरीच्या कलावती गायकवाड गेली एकोणीस वर्षं बिल्डिंगांच्या पाण्याच्या टाक्या धुतात. नवऱ्याची कंबर गेली तेव्हा हे काम त्यांनी अंगावर घेतलं. सोबत जाऊ जागृती असते. एकीनं टाकीत उतरायचं, दुसरीनं तोंडाशी उभं राहून सारखी हाक मारत राहायचं. ओ आली नाही तर दोरी ओढायची, हा दोघींचा कायदा.

गेल्या मार्चात बाळकुमच्या एका सोसायटीतून बोलावणं आलं. तिथल्या चार मुलांना कावीळ झाली होती. जमिनीखालची टाकी उपसून, घासून बायांनी लादी कोरडी पुसली. थोड्या वेळानं पाहतात तर एक कोपरा ओला. पुन्हा पुसला, पुन्हा ओला. कलावतीबाईंनी बोट टेकवून वास घेतला आणि त्यांचं तोंड वाकडं झालं.

"जागृती, या भिंतीमागं काय आहे गं?"

"ड्रेनेजचं चेंबर."

सेक्रेटरी सलिल भोईर घाईत होते. "अहो ताई, भिंतीला घाम सुटतो. टाकी भरायला घ्या, लोकं खोळंबलीत. आणि पाणी पिण्यालायक झालं असं लिहून सही द्या."

"टाकी धुतली असं लिहून देते. पाणी पिण्यालायक आहे असं नाही देणार."

"मग पुढच्या वेळी दुसरं कोणीतरी बघतो आम्ही."

 त्याच आवारातल्या सात बिल्डिंगांचं काम कलावतीबाईंकडे होतं. तरी त्यांनी जागृतीला किराणावाल्याकडे पिटाळलं. कपड्याच्या निळीच्या पुड्या बादलीत कालवल्या आणि ते पाणी चेंबरमध्ये ओतलं.

"साहेब, तासभर थांबा. काही दिसलं नाही तर मी माफी मागते."

अर्धा तास गेला. टॉर्चच्या उजेडात कोपरा नुसताच ओला दिसत होता. सलिल घड्याळ बघू लागले. खरंच घाम असेल तर? तरी कलावतीबाईंनी टॉर्च कोपऱ्यावरून हलवला नाही. एवढ्यात भिंतीतून एक निळी रेघ खाली ओघळली.

सलिल चपला काढून स्वतः आत उतरले. वर आले तेव्हा बोटं निळी होती. "माझी पोरगीपण हेच पिते हो," एवढंच म्हणाले आणि जिना चढून दारोदार सांगत सुटले, "नळाचं पाणी पिऊ नका!"

सतरा दिवस टँकर आले. ड्रेनेजचा फुटका पाइप बदलला, चेंबर लांब हलवलं, भिंत आतून पक्की केली. धुऊन भरलेल्या टाकीतलं पाणी दोनदा तपासलं, दोन्ही वेळा चांगलं निघालं, मगच नळ सुरू झाले. चारही मुलं हळूहळू बरी झाली. कलावतीबाईंचं एकही काम सुटलं नाही. उलट शेजारच्या दोन सोसायट्यांनी त्यांना बोलावून घेतलं.

आता कुठंही गेल्या की टाकीचं झाकण उघडण्याआधी त्या बिल्डिंगभोवती एक चक्कर मारतात आणि वॉचमनला विचारतात, "ड्रेनेजची लाइन कुठून जाते रे दादा?"