रिकाम्या कॅरियरचं वजन

ग्रुपवर गेल्या आठवड्यात कोणीतरी विचारलं होतं, गाडीच्या टपावर साधा कॅरियर बसवावा की हल्ली मिळतो तो बंद बॉक्स घ्यावा? भरपूर जणांनी सल्ले दिले. मीही दिला असता, पण माझा सल्ला एका ओळीत मावणारा नाही. आज दहाच्या बसने मला हरमलला जायचंय, तोवर जेवढं जमेल तेवढं लिहितो. घाईत लिहितोय, चुका सांभाळून घ्या.

पहिलं सांगून टाकतो : भूत, देवचार, बाधा, असल्या कशावर माझा काडीचा विश्वास नव्हता. मी गोव्यातल्या आमोणे गावचा. डिचोली भागातल्या एका खाणीच्या वजनकाट्यावर एकतीस वर्षं क्लार्क होतो. रिकामा ट्रक आधी काट्यावर घ्यायचा, मग भरलेला घ्यायचा, वजाबाकी केली की आत किती माल आहे ते कळतं. ड्रायव्हर शपथा घेवो नाहीतर सुपरवायझर ओरडो, मी फक्त काट्याचं ऐकायचो. माझी बायको सुमन म्हणायची, "तुमकां देव मेळ्ळो तरी तुमी ताका पयलीं काट्यार उबो करतले." खरंच केला असता.

गोवा घटक राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. आमची एकुलती मुलगी शालन त्या मे महिन्यात लग्न होऊन हरमलला गेली होती. लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मुलीच्या सासरी ओझं न्यायची आमच्याकडे रीत आहे. नेवऱ्या, लाडू, खाजं, नारळ, केळ्यांचा घड, नवी समई, असं बरंच काही. ओझं कमी दिसलं तर बोलणी मुलीला बसतात, म्हणून सुमनने सात पाट्यांचा, म्हणजे सात मोठ्या टोपल्यांचा, बेत केला. माझी गाडी जुनी फियाट, डिकीत दोन पाट्या ठेवल्या की झाकण लागायचं नाही. तेव्हा टपावर कॅरियर बसवायचा ठरला.

तो निवडायला मी महिना लावला. हसू नका, टेप आणि ताणकाटा घेऊन हिंडायचो. म्हापशात नवा कॅरियर मिळत होता. चकचकीत होता, पण पाईप करंगळीएवढा आणि पाय रबराचे, पहिल्याच वळणाला नारळ रस्त्यावर आले असते. डिचोलीचा एक वेल्डर करून देतो म्हणाला, पण त्याचा नमुना एवढा जड की टपच चेपला असता. शेवटी अस्नोड्याजवळच्या एका गॅरेजात जुन्या टॅक्सीवरून उतरवलेला कॅरियर दिसला. लोखंडी पट्ट्या, वर सागवानी फळ्या, आणि टपाच्या कडेच्या पन्हळीत घट्ट बसणारे चार क्लॅम्प. ताणकाट्याला अडकवला, वजन बरोबर वीस किलो. लांबी, रुंदी, क्लॅम्पमधलं अंतर, सगळं फियाटच्या मापाचं.

एकच गोष्ट मी विचारली नाही. यावरून आधी काय नेलंय, हे. आमच्याकडच्या बायका जुना पाळणा घेताना, अगदी जुनी पाटी घेतानासुद्धा हे विचारल्याशिवाय हात लावत नाहीत. मला ते खुळं वाटायचं.

घरी आलो तर गाडी मागून बसल्यासारखी दिसली. मागचं चाक आणि त्याच्या वरचं मडगार्ड यांच्यामध्ये माझी चार बोटं सहज जायची. आता दोनच जात होती. म्हटलं, स्प्रिंग जुनी झाली असेल. दुसऱ्या दिवशी कामावर गाडी नेली. गेटजवळ ट्रकांच्या रांगेत विश्राम उभा होता, सावंतवाडीकडचा ड्रायव्हर. तो खिडकीतून ओरडला, "भाऊ, गाडी बसली मरे! कितके जण भरलास?" गाडीत मी एकटा होतो.

रांग संपल्यावर फियाट काट्यावर उभी केली आणि खाली उतरलो. कॅरियर नसताना तिचं वजन नऊशे किलो, मी किती तरी वेळा केलं होतं. म्हणजे आता नऊशे वीस यायला हवं. आलं नऊशे ऐंशी. प्रमाण वजनं ठेवून काटा तपासला, काटा चोख होता. कॅरियर सोडवून गाडी परत घेतली, नऊशे. कॅरियर एकटा काट्यावर ठेवला, वीस. पुन्हा टपावर बांधला... नऊशे ऐंशी. तीनदा केलं. तीनदाही तेच.

साठ किलो जास्त. एका माणसाचं वजन. दुपारचे बारा वाजले होते, रणरणतं ऊन होतं. त्या गाडीत बसून घरी जायला मला अर्धा तास धीर झाला नाही.

आणि तरीही मी सुमनला काही सांगितलं नाही. का? तर जन्मभर तिची थट्टा केली होती. आता कोणत्या तोंडाने सांगणार की काट्याला टपावर माणूस दिसतोय? चवथ दोन दिवसांवर आली होती, पाट्या भरून तयार होत्या. मी गप्प बसलो. त्याची लाज मला अजून वाटते.

हरमलला जायला तेव्हा शिवोली ते चोपडे फेरी होती, पूल नव्हता. सकाळी दहाच्या सुमाराला आम्ही शिवोलीच्या धक्क्यावर पोचलो. गाड्या आत घेणारा फेरीवरचा माणूस हात दाखवत आला, आमच्या टपाकडे बघून थांबला आणि चिडून मला म्हणाला, "त्या वयल्या मनशाक सकयल देंवूंक सांगात! फेरयेर वयर बसपाक मेळना."

टपावर बसलेल्या माणसाला खाली उतरवा, म्हणत होता. मी दार उघडून बाहेर आलो. वर सात पाट्या, त्यांवर ताडपत्री, वरून दोरी. त्याने दोन पावलं मागे घेऊन पुन्हा पाहिलं. चेहरा उतरला त्याचा. छातीवर खुरीस (क्रॉस) काढला आणि पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला. पलीकडे पोचेपर्यंत त्याने आमच्याकडे पाठच ठेवली.

सुमनने ते ऐकलं होतं. "कोण वयर?" तिने विचारलं. तेव्हा, भर नदीत, मी तिला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही, चिडलीसुद्धा नाही. फक्त म्हणाली, "ओझें घरांतल्यान भायर सरलां. आतां तें परत व्हरूंक मेळना." मुलीचं ओझं परत फिरवणं म्हणजे अपशकुन, हे मलाही माहीत होतं. आम्ही पुढे गेलो. चोपड्यापासून हरमलपर्यंत मी एकदाही आरशात पाहिलं नाही.

शालनच्या सासऱ्यांचं खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, माणसांनी भरलं होतं. ओझ्याची एक पद्धत असते : आणणाऱ्याने ते उतरवायचं नाही. त्याने हात जोडून "आणलेलं सगळं तुमचं, उतरून घ्या" असं म्हणायचं आणि घरच्या कर्त्याने ते उतरवायचं. व्याही समोर येऊन उभे राहिले. मला ते शब्द बोलायचे नव्हते, पण सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि त्यांच्यामागे शालन उभी होती, नव्या साडीत, आनंदाने फुललेली. मी म्हणालो.

व्याह्यांनी एकेक पाटी उतरवली. मी मागच्या चाकाकडे बघत होतो. सातवी पाटी उतरली तरी अंतर दोनच बोटांचं. मग त्यांनी रिकाम्या फळ्यांवरून हात फिरवला, "जालां सगळां" म्हणाले, आणि माझ्या डोळ्यांदेखत गाडी सावकाश वर उचलली गेली.

दुसऱ्या दिवशी कॅरियरसकट काट्यावर घेतली. नऊशे वीस. पहिल्यांदा जीव भांड्यात पडला. सुटलो असं वाटलं. आणि मग लक्षात आलं की वजाबाकी चुकलेली नाही. साठ किलो कुठेतरी उतरले होते, आणि ते कुठे उतरले ते मला ठाऊक होतं.

आठ दिवसांनी शालनच्या घरून निरोप आला, ती आजारी आहे. गेलो तर पोर खांद्यातून वाकली होती. वय वर्षं एकवीस. डॉक्टरला काही सापडत नव्हतं. सासू तिच्या तोंडावरच म्हणत होती की नव्या सुनेला कामाचा कंटाळा. आम्ही दोघंच असताना शालन माझा हात धरून रडली. "बाबा, खांद्यार कोण तरी बसला अशें दिसता." मला तिच्याकडे बघवेना. ज्याने बाप म्हणून तिला सांभाळायचं, त्यानेच ते तिच्या दारात आणून ठेवलं होतं.

मी त्या गॅरेजवाल्याकडे गेलो. आता विचारलं. अपघात? कोणी मेलं होतं? तो बिचारा गोंधळला. टॅक्सीवाल्याने धंदा सोडला म्हणून गाडी आली होती, बाकी कायच जावंक ना, वावगं काही घडलं नव्हतं, म्हणाला. मी त्या टॅक्सीवाल्यालाही शोधून काढला. त्यानेही तेच सांगितलं. लग्नाचं सामान, आंब्याच्या पेट्या, पर्यटकांच्या बॅगा, याशिवाय त्याने काही नेलं नव्हतं. मग ते साठ किलो कुठून आले, कधी बसले? नाही कळलं.

मग मला एकच सुचलं. काट्यावर शिकलो होतो तेच. जिथे उतरलं तिथूनच भरायचं. रिकामी फियाट घेऊन हरमलला गेलो, भर दुपारी खळ्यात उभी केली, आणि व्याही, विहीणबाई, जावई, शेजारी, सगळ्यांसमोर हात जोडून म्हणालो, "त्या दिवशीचं एक ओझं तुमचं नव्हतं. ते माझं होतं. माझं मला परत द्या." लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. तेव्हा मी सत्तेचाळीसचाही नव्हतो. कोणी हसलंसुद्धा.

गाडी मागून खाली बसली. स्प्रिंग करकरली, ते सगळ्यांनी ऐकलं, आणि हसणारे मागे सरले. पायरीवर बसलेली शालन हळूहळू सरळ झाली. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बाबा, गेलें?"

मी फेरीवर, रस्त्यावर, घरी पोचेपर्यंत जोरजोरात बोलत होतो, शांत राहिलो असतो तर मागून काही ऐकू येईल या भीतीने. गाडी मागच्या शेडमध्ये लावली ती कायमची. विकली नाही, कारण घेणाऱ्याच्या घरीही मुली असतील. कॅरियर सोडवला नाही, कारण सोडवला तर ते कुठे जाईल कोण जाणे. टायर कुजले तेव्हा खाली दगड लावायला माणसं आली होती, मी लावू दिले नाहीत. दगडांवर चढवली तर अंतर कळलं नसतं, म्हणून नवे टायर घातले. रोज सकाळी जायचं, बोटं घालून बघायचं. दोन बोटं. की झालं, दिवस सुरू. सुमन असेपर्यंत तीही दारातून विचारायची, "आसा मरे?" आणि मी म्हणायचो, आहे.

परवा रविवारी नात आली होती. शालनची मुलगी, तन्वी. नवी गाडी दाखवायला. टपावर तो काळा बंद बॉक्स, किती लीटरचा, किल्ली कशी लागते, पाणी कसं आत येत नाही, सगळं तिने मला उत्साहाने दाखवलं. गाडी तिने शेडच्या तोंडाशीच लावली होती, फियाटच्या मागे. मी तिच्यासाठी नारळ, केळी, कोकम, आंब्याचं साठं काढून ठेवलं होतं. तिने ते एकेक करून स्वतः बॉक्समध्ये रचलं आणि लाडाने विचारलं, "आजो, हें सगळें म्हाका?"

आजोबा काय म्हणणार? मी म्हणालो, "आसलेलें सगळें तुजेंच गो बाय. व्हर." तीसेक वर्षं मी ते शब्द कोणासमोर काढले नव्हते. साधी साखरेची पुडी देतानासुद्धा जपून बोलायचो. आणि परवा मायेच्या भरात तोंडातून निघून गेले. मला तेव्हा कळलंसुद्धा नाही.

काल अंगात कणकण होती म्हणून शेडमध्ये गेलो नाही. आज सकाळी गेलो. चार बोटं. दुसऱ्या चाकालाही चार. लगेच तन्वीला फोन लावला. बॉक्स रिकामा केला का, विचारलं. रविवारीच हरमलला घरी पोचल्यावर केला, म्हणाली. मग म्हणाली, "आजो, कालसावन पाठ जड जाल्या. चड गाडी चलयली म्हणून आसतली."

चोवीस वर्षांची आहे ती.

हे काय आहे मला माहीत नाही. तीस वर्षं विचार करतोय, एकही कारण जुळत नाही, आणि आता जुळवायला वेळही नाही. फियाटचं इंजिन कधीच गेलं. हरमलला मी बसने चाललोय. तिथे खळ्यात उभा राहून हात जोडायचे आणि म्हणायचं, ओझं माझं आहे, मला परत द्या. एवढं मला येतं. या वेळी ते बसायला कॅरियर नाही, म्हणून ते माझ्या खांद्यावर बसेल. माझं वय पंचाहत्तर, गेल्या महिन्यात दवाखान्यात वजन केलं, बावन्न किलो. ते साठ.

झेपलं तर संध्याकाळच्या बसने परत येईन, थेट शेडमध्ये जाईन. शेडची किल्ली खिशात घेतली आहे.