यादीतले तोडे

माझ्या लग्नाची यादी वकीलबाईंनी टेबलावर पसरली आणि त्यांचा चेहरा खुलला. चारी कोपऱ्यांना हळदकुंकू, खाली दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या सह्या. "पाटल्या, तोडे, सब लिखा है। बिल नहीं हैं तो क्या हुआ, ये तो है।"

पाटल्या खऱ्या होत्या, माझ्या आईच्या. घटस्फोटाची केस लागल्यापासून नवरा म्हणत होता, असं काही आमच्या घरी आलंच नाही. पण तोडे मावशीचे. मांडवात पोरीचे हात भरलेले दिसावेत म्हणून बाबांनी ते मागून आणले, यादीत चढवले आणि लग्न आटोपताच गुपचूप परत केले. आता तोड्यांची नोंद खोटी निघाली तर पाटल्यांवर कोण विश्वास ठेवणार?

"काहून घाबरतेस? शपथपत्रात दोन्ही लिहून दे," बाबा म्हणाले. "त्यांचीच सही आहे न यादीवर." असा राग आला मला! खोटं यांनी लिहायचं आणि शपथ मी घ्यायची.

कुटुंब न्यायालयात समझोत्याच्या खोलीत मध्यस्थबाईंनी यादीतल्या दागिन्यांबद्दल विचारलं, तेव्हा मी सांगून टाकलं, तोडे माझे नव्हते. बाबा शेजारीच होते. त्यांच्याकडे बघायची हिंमत झाली नाही. नवरा लगेच म्हणाला, "देखा मॅडम, पूरी लिस्ट झूठी है।"

त्याच्या शेजारी बसलेल्या सासूबाईंना राहवलं नाही. "मले तेव्हाच माहीत होतं. सत्यनारायण झाल्यावर मी हिचं सगळं सोनं गोल बाजारात सराफाकडे नेऊन वजन करून आणलं. तोडे नव्हतेच, नुसत्या पाटल्या होत्या."

नवऱ्यानं डोळे मिटून घेतले. मध्यस्थबाईंनी शांतपणे विचारलं, "मतलब, पाटल्या थीं?" पुढे नाही म्हणायला जागाच उरली नाही. समझोत्यात पाटल्या परत देणं लिहिलं गेलं.

बाहेर पायऱ्यांवर मला रडू येत होतं, सुटल्यासारखं. बाबा म्हणाले, "म्हणजे बारा वर्षं तुझ्या सासूले माहीत होतं. अन् मी दर दिवाळीला त्यांच्याकडे ताठ मानेनं बसून येत होतो."

महिन्याभरात पाटल्या हातात आल्या. त्याच आठवड्यात मावशीच्या नातीचं लग्न होतं, आमच्याच ब्राह्मणपारा वस्तीत, घरापासून चार घरं सोडून. बाबांनी गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. पाटल्या घालून मी एकटीच गेले.